सोमाजीच्या नावाची पिशवी

पेढ्यांची पिशवी हातात घेऊन गेणभाऊंनी ती फिरवून बघितली आणि त्यांचा चेहरा एवढा कडू झाला की पेढेवाला घाबरला. वजनात काही कमी आहे का, असं त्यानं विचारलं. वजन बरोबर होतं. पेढेही ताजे होते. पण पिशवीवर हिरव्या शाईत छापलं होतं : 'ही पिशवी बटाट्यापासून बनली आहे. मातीत टाकली की माती होते.' आणि त्याखाली, 'बटाटा पिकवणारे : श्री. सोमाजी धुमाळ, सातगाव पठार.'

सोमाजी म्हणजे गेणभाऊंचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली कोंडाबाई गेणभाऊंना दिलेली, धाकटी झुंबरबाई सोमाजीला. एकाच गावात घरं आणि बांधाला बांध लागून वावरं. श्रावणी सोमवारी मी माझ्या टेम्पोतून गावातल्या लोकांना भीमाशंकरला घेऊन गेलो होतो, म्हणून हे तोंड मला बघायला मिळालं. परतीच्या वाटेवर गेणभाऊ केबिनमध्ये माझ्याशेजारी बसले. घोडेगाव मागं पडेपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही आणि उघडलं ते एवढ्यासाठीच.

"भरत, देवाच्या दारात त्याचं नाव लागलं. माझं न्हाई."

खरं सांगायचं तर मला हसू येत होतं.

कारण गेणभाऊंचा बटाटा म्हणजे आमच्या पठारावरचं सोनं. बैलांच्या नांगरानं बटाटा काढताना फाळ वरंब्याच्या किती जवळून न्यायचा आणि किती खोल दाबायचा, हे त्या माणसाच्या मनगटात होतं. फाळ बटाट्याच्या खालून जायचा आणि माती नुसती उलगडायची. मागून येणाऱ्या बायका अख्खे, स्वच्छ बटाटे वेचत जायच्या. चिप्सच्या कंपनीचा तपासणीस दरवर्षी यायचा, हिरवट, चिरलेला, बारका बटाटा बाजूला काढायचा आणि गेणभाऊंच्या ढिगापाशी आला की नुसता हात फिरवून पुढं जायचा. इतरांना म्हणायचा, माल असा पाहिजे. हे ऐकायला गेणभाऊ ढिगापासून हलायचे नाहीत.

सोमाजीचं उलटं. नांगर धरला की हा गुणगुणायला लागणार, रस्त्यानं कुणी दिसलं की हाक मारणार, आणि तेवढ्यात फाळ वरंब्यात घुसलेला असणार. त्याच्या वावरातला निम्मा बटाटा चिरलेला निघायचा. पूर्वी तो उकिरड्यावर जायचा. साडू म्हणून गेणभाऊ त्याला चार माणसांत शिकवायला जायचे, आणि सोमाजी मान डोलावून हसायचा. एवढं सगळं जागच्या जागी होतं तोवर दोघांचं उत्तम चालत होतं.

मग मंचरच्या रिखबचंद शेठच्या मुलानं, संयमनं, कारखाना काढला. शेठचं दुकान बारदान, सुतळी आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचं. पातळ पिशव्या सरकार बंद करणार, असं त्या वर्षांत सारखं बोललं जात होतं. संयम पुण्याला केमिस्ट्री शिकून आलेला. त्यानं दुकानामागच्या शेडमध्ये बटाटा किसून, धुऊन त्यातलं पांढरं सत्त्व खाली बसवायचं, ते वाळवून ठेवायचं आणि मग ग्लिसरीन घालून शिजवून त्याचा पातळ पापुद्रा ओतायचा, असा उद्योग सुरू केला. पहिल्या पिशव्या कुरडईसारख्या तडकायच्या. नंतरच्या पावसाळी हवेत चिकटायच्या. पण पोरगं चिकाटीचं होतं, आणि हळूहळू भीमाशंकरचे पेढेवाले, ओझरच्या देवळाबाहेरचे दुकानदार, जुन्नरकडचे रोपवाटिकावाले त्याची पिशवी घ्यायला लागले.

अडचण एकच होती, आणि ती घरातली. शेठचं घर जैन. जमिनीखाली वाढलेलं त्यांच्या घरात शिरत नाही. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा तर मुळीच नाही. एक कंद उपटायचा म्हणजे त्यातल्या असंख्य जीवांची हत्या, असं संयमची आई मोहनबाई मानायची. आणि तिचा मुलगा बटाट्याचाच कारखाना काढायला निघालेला. तिनं शेवटी एका अटीवर परवानगी दिली. तुझ्यासाठी म्हणून एकही बटाटा जमिनीतून निघता कामा नये आणि एकाही अख्ख्या बटाट्याला तुझ्यासाठी विळी लागता कामा नये. दुसऱ्यासाठी निघालेला, चुकून खराब झालेला, कुणी खायला न घेतलेला, तेवढाच तू घ्यायचा. संयमनं आईला शब्द दिला आणि तो पाळतही होता. मी स्वतः एकदा चांगल्या बटाट्याची गोणी चुकून नेली, तर त्यानं ती मला तशीच परत न्यायला लावली.

गेणभाऊंना ही अट ठाऊक होती. पण ती भाव पाडून मागायची व्यापाऱ्याची युक्ती आहे, असं ते पारावर बसून सांगायचे. देवाधर्माचं कारण सांगितलं की समोरचा गप्प बसतो, म्हणायचे. माझं मत विचाराल तर आपण ज्याला नियम म्हणून जपतो ते निष्ठा, आणि दुसऱ्यानं जपलं की ती युक्ती, हे गेणभाऊंचं जुनंच दुखणं होतं.

पठारावर सगळ्यात जास्त वाया जाणारा माल सोमाजीचा, म्हणून संयमला पहिला माल मिळाला सोमाजीकडून. आणि पिशवीवर शेतकऱ्याचं नाव छापायचं हे संयमच्या डोक्यातून निघालं, म्हणून नाव छापलं गेलं सोमाजीचं. त्यात त्याचं कर्तृत्व एवढंच की त्याला नांगर नीट धरता येत नव्हता.

पण लोक एवढा विचार कुठं करतात? लग्नात सोमाजीला 'पिशवीवाले पावणं' म्हणून पुढं बसवायला लागले. पेपरात फोटो आला. गौरीच्या सणाला झुंबरबाई बहिणीकडं करंज्या घेऊन आली ती त्याच पिशवीतून. गेणभाऊंनी करंज्या ताटात ओतून घेतल्या आणि पिशवी म्हशीपुढं टाकली. म्हशीनं ती नावासकट खाल्ली. गेणभाऊंना जरा बरं वाटलं. तेवढ्यात म्हैस आणखी मागायला गव्हाणीत तोंड घालायला लागली, आणि कोंडाबाई म्हणाल्या की बघा, तिलासुद्धा आवडली. त्या दिवशी गेणभाऊ जेवले नाहीत.

गेणभाऊ वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. कुणाचा बैल अडला तर पहिले धावणारे तेच. पण आपण जन्मभर जे नीट केलं त्याला कुणी विचारत नाही आणि साडूच्या हेंगाडेपणाला टाळ्या पडतात, हे त्यांना सहन होत नव्हतं. त्यांना पैसा नको होता, पिशवीवर नाव हवं होतं. आणि पिशवीवर नाव यायचं तर माल खराब हवा, आणि गेणभाऊंच्या वावरात खराब माल निघतच नव्हता.

त्या वर्षीच्या काढणीला ते कोंडाबाईंना आणि वेचणाऱ्या बायकांना बांधापाशी थांबा म्हणाले आणि एकटेच नांगर घेऊन आत शिरले. पहिल्याच ओळीला त्यांनी फाळ वरंब्याच्या मधोमध घातला. बैलसुद्धा थांबले म्हणे. त्यांना ती वाट माहीत नव्हती. गेणभाऊंनी चाबूक उचलला, जो ते कधी उचलत नसत, आणि अख्खं वावर तसंच फाडत नेलं. मी टेम्पो घेऊन पोचलो तेव्हा मातीत सगळीकडं बटाट्याच्या पांढऱ्या फोडी पडलेल्या, आणि कोंडाबाई पदर तोंडाला लावून बसलेल्या. त्या वर्षाचं सगळं पीक तिथं होतं. चिप्सच्या कंपनीला आता त्यातलं काही चालणार नव्हतं. तो माल संयमनं घेतला तरच वर्ष निघणार होतं.

"मंचरला घे," गेणभाऊ म्हणाले. "संयमकडं."

सोमाजीच्याही काही गोण्या न्यायच्या होत्या, म्हणून तो मागच्या हौद्यात चढला. चिरलेला ढीग बघून तो काही बोलला नाही. सोमाजी गप्प बसलेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

संयमनं हौद्याची फळी पाडली, वरचा एक बटाटा उचलला, मग आतला एक उचलला. शेडच्या दाराशी मोहनबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. माल आला की त्या बसायच्याच. संयमनं गोण्या कुणाच्या म्हणून विचारलं आणि नाव ऐकल्यावर बटाटा पुन्हा गोणीत ठेवला.

"गेणभाऊ, मला हा घेता यायचा नाही."

"का? कापलेला हाय. तुला कापलेलाच लागतो ना?"

"तुमचा बटाटा कापला जात नाही, हे अख्ख्या पठाराला ठाऊक आहे. हा माझ्यासाठी कापलाय. आईला शब्द दिलाय मी."

संयम आवाज खाली आणून म्हणाला की मी काही पोलीस नाही, खोदून विचारणार नाही. तुम्ही फक्त एवढंच म्हणा की नांगर चुकला. तुमच्या तोंडचा शब्द मी मानतो आणि आत्ता माल उतरवून घेतो.

एवढंच म्हणायचं होतं. नांगर चुकला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा हो गेणभाऊ, वर्षाचा प्रश्न आहे. पण ते शब्द त्यांच्या तोंडातून निघेनात. मुद्दाम कापले हे कबूल करायची लाज होती, ती समजण्यासारखी आहे. पण माझा नांगर चुकला असं खोटं बोलायचीसुद्धा त्यांना लाज वाटत होती, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. ते नुसते उभे राहिले, गोणीचा कान मुठीत धरून.

तेवढ्यात सोमाजी हौद्यातून उतरला.

"नांगर मी धरला व्हता," तो म्हणाला. "यांच्या पाठीत उसण भरली. म्हनलं मी काढून देतो. मग काय, माझा हात तुमाला म्हाईत हाय."

मोहनबाईंनी मान वर केली. "सोमाजीभाऊंचा नांगर होय? मग घे रे संयम. त्यांच्या हातून दुसरं काय होणार?"

शेडमधली माणसं हसली. सोमाजीही हसला. गोण्या उतरल्या. संयमनं नेहमीसारखं विचारलं की पीक गेणभाऊंचं, तेव्हा या मालाच्या पिशव्यांवर नाव गेणभाऊंचंच टाकू ना? ज्या नावासाठी वावर फाडलं ते नाव आता नुसतं 'हो' म्हटलं की मिळत होतं. पण गेणभाऊंच्या तेव्हा दुसरंच ध्यानात आलं. पिशवीवर नाव याचा अर्थ माल वाया गेला. तपासणीस वाचणार, बाजार वाचणार, गेणभाऊंचासुद्धा कापला म्हणणार.

"नगं. त्याचंच टाका," ते म्हणाले.

परतताना तिघं केबिनमध्ये बसलो. गेणभाऊंनी विचारलं, "तू कशापायी मधी पडलास?"

"माझं नाव आधीच खराब हाय," सोमाजी म्हणाला. "तुमच्यानं त्यात काय वाढतंय?" आणि गुणगुणायला लागला.

आता इथं कुणालाही वाटेल की गेणभाऊंचा हेवा संपला असेल. तो वाढला. हिवाळ्यात त्या मालाच्या पिशव्या निघाल्या त्या अशा निघाल्या की संयमसुद्धा चकित झाला. काचेसारख्या स्वच्छ, लवचिक, ओढल्या तरी न फाटणाऱ्या. पुरता पिकलेला, सत्त्वानं भरलेला बटाटा होता तो. पठारावरचा सगळ्यात चांगला. असा माल त्या शेडमध्ये पूर्वी कधी आला नव्हता, कारण असा माल कुणी वाया घालवतच नाही. संयमनं मंचरला छोटा कार्यक्रम ठेवला, त्या पिशव्या पाहुण्यांना वाटल्या आणि पिशवीवर नाव त्याचं म्हणून सोमाजीला शाल पांघरवली. माईकवरून एका पाहुण्यानं विचारलं की सोमाजीभाऊ, यंदा खत कुठलं घातलंत?

सोमाजी गोंधळला. त्यानं समोर बसलेल्या गेणभाऊंकडं बघितलं. गेणभाऊ टाळ्या वाजवत होते. सगळ्यांच्या थांबल्या तरी त्यांच्या चालूच होत्या, आणि तोंडावर हसू असं होतं की मला बघवेना. आपला बटाटा, आपली जमीन, जन्मभराची मेहनत, आणि शाल साडूच्या खांद्यावर. शिवाय ती त्यांनीच आपल्या तोंडानं देऊन टाकलेली. कुणाकडं तक्रार करायची?

घरी सोडताना कोंडाबाई टेम्पोत नवऱ्याला म्हणाल्या, "त्यानं तुमच्यासाठी खोटं बोलून आपली फजिती करून घेतली. तुमी आता त्या फजितीचाबी हेवा करा."

गेणभाऊ म्हणाले, "करतोय."

मला त्या एका उत्तरासाठी तो माणूस आवडतो.

पुढच्या काढणीला मी सोमाजीच्या वावरात टेम्पो घेऊन गेलो, तर तिथं गेणभाऊंचे बैल जुंपलेले. सकाळीच येऊन त्यांनी सोमाजीच्या हातून नांगर काढून घेतला होता. म्हणाले, बस बांधावर, हवं तेवढं गुणगुण. दिवस मावळेपर्यंत त्यांनी सोमाजीचं सगळं वावर काढून दिलं, आणि एक बटाटा चिरला नाही. झुंबरबाई वेचता वेचता रडत होती, कारण आपल्या वावरात असा ढीग तिनं कधी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी चिप्सवाल्यांचा तपासणीस आला आणि सोमाजीच्या ढिगावरून नुसता हात फिरवून पुढं गेला.

संयमसाठी काहीच उरलं नाही. माझा टेम्पो मंचरला रिकामा गेला.

सोमाजीनं बांधावर गेणभाऊंना गाठलं. या खेपेला तो हसत नव्हता.

"गेणभाऊ, लई उपकार झाले. पण एक सांगा. हे माझ्यासाठी केलंत, का पिशवीवरनं माझं नाव जावं म्हणून?"

गेणभाऊंनी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांवरची माती पुसली. "मलाबी कळंना," ते म्हणाले. "नांगर धरताना दोन्ही मनात व्हतं."

सोमाजीनं मान डोलावली. त्या वर्षी पिशव्यांवर लोणी गावच्या कुणा शेतकऱ्याचं नाव आलं.

सोमाजीनं आपल्या नावाची एक पिशवी घरात खिळ्याला अडकवून ठेवली होती. पुढच्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली. पिशवी आधी मऊ झाली, मग लोंबली आणि एक दिवस जमिनीवर तिचा चिखल पडला. मातीत टाकली की माती होते, हे तिच्यावरच लिहिलं होतं. तक्रार करायला जागा नव्हती. पण सोमाजीचं गुणगुणणं त्या दिवसापासून थांबलं, असं झुंबरबाईनं बहिणीला सांगितलं.

दोन दिवसांनी गेणभाऊंनी मला घरी बोलावलं. पत्र्याची ट्रंक उघडून कोंडाबाईंच्या लग्नातल्या शालूच्या घडीतून त्यांनी एक पिशवी काढली. कार्यक्रमातली, काचेसारखी स्वच्छ. कोरड्यात ठेवलेली, म्हणून जशीच्या तशी. ती त्यांनी का ठेवली होती, किती वेळा काढून बघितली असेल, मी विचारलं नाही.

"सोमाजीला नेऊन दे."

मी पिशवीला हात लावला, तर त्यांनी दुसरं टोक सोडलं नाही. दोघंही तसेच उभे. हिरव्या अक्षरांतलं साडूचं नाव आमच्या दोघांच्या मध्ये ताणलं गेलं, आणि पिशवी फाटली नाही.

"नाव त्याचं हाय," गेणभाऊ म्हणाले. "पण बटाटा माझा हाय. एवढं त्याला सांग."

मग त्यांनी सोडलं. मी जाऊन सोमाजीला पिशवी दिली आणि निरोपही जसाच्या तसा दिला. सोमाजीनं पिशवी उजेडासमोर धरून आरपार बघितलं.

"सांगायला कशाला पायजे," तो म्हणाला. "माझा असता तर फाटली असती."